गावपळणीत गेलेली गाडी

ती दुपार मला आजही मिनिटामिनिटाने आठवते. पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, समुद्राने परत दिलेली प्रेते पाहिली. पण भीती म्हणजे काय हे मला एका रिकाम्या गावाने आणि एका जुन्या गाडीने शिकवले.

मालवण किनाऱ्यालगतच्या काही गावांत गावपळणीची रीत आहे. काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल मिळाला की अख्खे गाव गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसह वेशीबाहेर पडते आणि तीन दिवस झावळ्यांच्या खोपीत राहते. तेवढे दिवस गाव देवाचे. माणसाने आत पाय ठेवायचा नाही. घरांना कुलूप असले काय, नसले काय, चोरसुद्धा तिकडे फिरकत नाही असे लोक छातीठोकपणे सांगतात. आम्ही पोलीस मात्र वेशीवर बंदोबस्त ठेवतो, कारण देवाला भिणारे चोर मला तरी फारसे भेटलेले नाहीत.

त्या वर्षी गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क बाई आमच्या राहुटीत आल्या. गावातल्या निवृत्त डॉक्टरांच्या पत्नी. डॉक्टरांना अलीकडे विसर पडू लागला होता, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होते.

"साहेबानू, हे खंय दिसनत नाय," त्या म्हणाल्या. "सकाळी साखरेचा इंजेक्शन घेतल्यानी आणि मी पेज वाढीसर हे उठान गेले. पोटात कायएक नाय. गावातच गेले असतले. पण गावात जावक कोण तयार नाय."

इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर काय होते हे मला माहीत होते. माझा भाऊ मधुमेही आहे. मी हवालदाराला हाक मारली. तो त्याच गावचा. वेशीच्या दगडापाशी येऊन थांबला.

"साहेब, तुमी जावा. नोकरी गेली तरी चलात, पण माझो पाय उठणा नाय."

मी एकटा आत गेलो. माणूस नसलेली घरे मी पाहिली होती, पण कोंबडीही नसलेले गाव पाहिले नव्हते. दारे बंद, अंगणात केर नाही, विहिरीवर दोर नाही. माझ्याच बुटांचा आवाज मला मागून आल्यासारखा वाटे आणि मी वळून बघे. बघण्याची लाज वाटे, तरी बघे. एरवी देवाधर्माची थट्टा करणारा मी, त्या वाटेवर मनात कुलदैवताचे नाव घेत होतो.

डॉक्टरांच्या घरामागे मांगर होता, गाडी ठेवण्याचा. ही गाडी म्हणजे गावाची शान. इंग्लंडात बनलेली, गडद हिरव्या रंगाची. तिकडे बँकेचे मॅनेजर, डॉक्टर आणि चक्क पोलीस अधिकारी असल्या गाड्या वापरत. ना राजेमहाराजांचा डामडौल, ना साधेपणा. कामाच्या साहेबाची गाडी. आपल्याकडे वकिलातींतल्या गोऱ्यांबरोबर थोड्याच आल्या आणि ते परत जाताना इथेच विकल्या गेल्या. डॉक्टरांनी तशीच मुंबईहून आणली आणि तिच्यातून गावोगाव रोगी तपासले. आता ती चालत नव्हती. पण रंग, कातडी गाद्या, लाकडी पट्टी, काचा, सगळे कारखान्यातून आले तसेच. हौशी संग्राहक नेमके यासाठीच पैसा मोजतात. नवा रंग दिलेल्या चकचकीत गाडीपेक्षा मूळ अंगाची गाडी त्यांना प्यारी.

मांगराचे दार सताड उघडे होते. गाडी नव्हती. मातीत ट्रकच्या रुंद टायरचे ठसे होते आणि जिथे गाडीचे मागचे दार येई, तिथे दोन चपला जोडीने, नीट ठेवलेल्या.

मी चपला घेऊन वेशीपर्यंत धावत आलो. बाईंनी त्या पाहताच ओळखल्या.

"चपला काढल्याशिवाय ते गाडयेत बसत नाय. रोज गाडयेवरचा कापड उचलून आत शिरतत, दारां आतसून लावन घेतत आणि मागच्या शिटीर झोपतत. आता गाडी खंय?"

खोपींतून माणसे जमली. आवाज कोणी ऐकला का, असे मी विचारले. शेवटी एक म्हातारा पुढे आला.

"सकाळी गावातसून मोटारीचो आवाज इलो. आमका वाटला देवाचो फेरो. आमी कान झाकून बसलों."

आमचा बंदोबस्त पुढच्या वेशीवर होता; चोर मागच्या वाटेने येऊन गेला आणि गावाने त्याला देव समजून वाट दिली. त्यांच्यावर रागवायला मला तोंड नव्हते. थोड्या वेळापूर्वी मीही तिथे नामस्मरणच करत होतो.

बिनतारी संदेश गेले. खारेपाटण, फोंडाघाट अशा जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या कुठल्याच नाक्यावरून गाडी पोटात मावेल असा बंदिस्त ट्रक गेलेला नव्हता, म्हणजे तो जिल्ह्यातच होता. गाडी विकत मागायला खेपा घालणाऱ्या एका गॅरेजवाल्याचे वर्णन बाईंनी दिले आणि आम्ही त्याला बाजारातून उचलला. ठाण्यात तो खुर्चीत आरामात बसला. नवख्या चोराला घाम फुटतो, सराईत माणूस चहा मागतो. याने चहा मागितला.

"आमी गावात पाय ठेवत नाय, साहेब. गावपळण आसा," तो साळसूदपणे म्हणाला.

मी टेबलावर चपला ठेवल्या. "या डॉक्टरांच्या. ते गाडीत आहेत. सकाळपासून, उपाशी, इन्सुलिन घेऊन."

तो ताडकन खुर्चीतून उठला. "आत कोण आसतलो कसो? गाव रिकामो होतो! रंगाक चरो पडात म्हणान आमी वरचा कापड काढूकच नाय!"

एका बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या आवारात ट्रक लपवल्याचे त्याने लगेच सांगितले. चालक जेवायला गेला होता. गॅरेजवाला, बाई आणि मी जीपमध्ये. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना थेट तिथेच यायला सांगितले. वाटेत बाई चपला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

ट्रकचे दार उघडले तेव्हा आतून भट्टीसारखी वाफ आली. मी कापड ओढले. मागच्या गादीवर डॉक्टर कलंडले होते, काचेला गाल लावून. चारही दारे आतून बंद. मी ट्रकमधला जॅकचा दांडा उचलला, आणि बेड्या घातलेला तो माणूस ओरडला,

"साहेब, काच नको! ती काच आता जगात मेळाची नाय! माका तार द्या, दोन मिन्टांत उघडतंय!"

खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला त्या माणसाची भीती वाटली. तो दुष्ट नव्हता. तो खरोखर कळवळून सांगत होता.

"फोडा!" बाई किंचाळल्या. मी पुढच्या दाराची काच फोडली आणि हात घालून दार उघडले.

डॉक्टर वाचले. शिरेतून ग्लुकोज गेले आणि बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. बायकोला म्हणाले, "ड्रायव्हर नवो होतो गो. बरो चलवी. पण खंय नेता ता सांगूकच नाय." आपण रोगी तपासायला निघालो आहोत, अशा समजुतीने ते मुकाट बसून राहिले होते. म्हणून कोणी हाक ऐकली नाही.

पुढे कोर्टाने गाडी मालकाच्या ताब्यात दिली. फुटक्या काचेमुळे संग्राहकांचा उत्साह मावळला. बाईंनी तिथे प्लास्टिकचा कागद नुसता वरून लटकवला आणि म्हणाल्या, "ऱ्हवांदे तसाच. वारो तरी येतलो."

या प्रकरणाने मला चोरांबद्दल फारसे नवे शिकवले नाही. शिकवले ते एवढेच, की किमती वस्तू समोर आली की माणूस तिचा रंग बघतो, काच बघतो, आणि आत कोणी आहे का हे बघायचे राहून जाते.

आता निवृत्तीनंतर कुठे कापडाने झाकलेली गाडी उभी दिसली की माझे पाय थांबतात. मी कापड उचलून आत डोकावतो. मालक धावत येतात आणि मोठ्या कौतुकाने गाडी किती जुनी, किती मोलाची हे सांगू लागतात. मी मान हलवतो, पण मागची गादी रिकामी दिसेपर्यंत त्यांचे काहीच मला ऐकू येत नाही.