शेवटच्या पानावरचे संवाद
ताज्या शाईचा वास आला की माझा हात आपोआप शेवटच्या पानाकडे जातो. राजाजीनगरच्या एका छापखान्यात आमच्या पहिल्या सुपरहीरो कॉमिकची बांधणी चालली होती, दुसऱ्या दिवशी कॉमिकच्या मेळ्यात आमचा स्टॉल होता आणि मी उगाच येरझाऱ्या घालत होतो. तेवढ्यात चित्रं काढणारी माझी मैत्रीण ओरडली, "अरे, शेवटच्या पानावर संवादच नाहीत!" चूक माझीच. तिचं चित्र मोकळं बघावं म्हणून मी फायलीतला संवादांच्या फुग्यांचा लेयर बंद केला होता आणि पुन्हा चालू करायला विसरलो होतो. "थांबवा सगळं!" मी म्हणालो. पिना मारणाऱ्या अक्कांनी पान जवळ घेतलं. मुखवटा काढून उंबऱ्यात उभी असलेली आमची नायिका आणि समोर तिची आई. "स्वल्प थांबा, जरासं," अक्का त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "उडणारी ती आपलीच पोरगी, हे आईला कळलं ना? सरी, झालं तर. मग बोलायचं कशाला?" आणि त्यांनी पुढची प्रत ओढली. आज आमची प्रकाशनसंस्था नावारूपाला आली आहे, आणि प्रत्येक अंकाचं शेवटचं पान मुकं असतं. वाचक त्याला आमची शैली म्हणतात. मी मात्र त्या पानाचे संवाद दर वेळी आधी पूर्ण लिहितो, आणि मगच तो लेयर बंद करतो.