माझी जुनी गाडी आणि मुरूमचे मामा

माणसाची विचारपूस करण्याआधी त्याच्या मोटरसायकलची विचारपूस करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं भाग्य असं की ते माझे सासरे निघाले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मी त्यांना मामा म्हणतो. मुरूमच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा नेहरू शर्ट, खाली पांढरं धोतर, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी दहा-अकराचा पाना. मी मुलगी पाहायला मुरूमला गेलो, तो माझ्या काकांच्या मोटरसायकलवर मागं बसून. बैठकीत पोहे आले, चहा आला, मुलगीही येऊन बसली, फक्त मुलीचे वडील येईनात. सासूबाई दाराकडं बघून कसनुसं हसत होत्या. शेवटी मामा आत आले ते कोपरापर्यंत काळे हात घेऊन. काकांच्या गाडीची चेन लोंबत होती, ती त्यांनी बाहेर बसून ताणून दिली होती. माझं शिक्षण, पगार, शेती यांतलं काही त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "गाडी तुमी चालवत आलाव का तुमचे काका?" मी म्हणालो, काका. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग हरकत न्हाय," ते म्हणाले आणि गार झालेल्या पोह्यांकडं वळले. ती चेन माझी असती तर हे लग्न झालं नसतं, असं माझी बायको आजही खात्रीनं सांगते.

हा छंद त्यांना कुठून लागला ते कुणालाच ठाऊक नाही. वडील कापडवाले, आजोबा कापडवाले. पण दुकानात साड्यांच्या मागच्या कप्प्यात स्क्रू ड्रायव्हर, जुने प्लग, क्लचच्या वायरी आणि ग्रीसचा डबा हे सगळं ब्लाउजपिसांत नीट गुंडाळून ठेवलेलं असायचं. गिऱ्हाईक गाडीवरून उतरलं की मामा आधी पायरीवर येऊन गाडी बघत. साड्या दाखवायचं काम सासूबाईंकडं, आणि नवरा घेऊन आलेल्या बाया निवांत निवड करत, कारण नवरा बाहेर मामांच्या तावडीत सापडलेला असे. सासूबाई म्हणतात, दुकानातल्या प्रत्येक पांढऱ्या ताग्याचं पहिलं वार ह्यांच्या अंगठ्याच्या ठशात गेलंय. गिऱ्हाइकांशी मामा मराठीत बोलतात, देवाशी आणि गाडीशी मात्र कानडीत. रुसलेल्या गाडीपुढं उकिडवं बसून "एनातु, अव्वा?" असं, म्हणजे काय झालं गं आई, असं ते इतक्या मायेनं विचारतात की आसपासच्या माणसांना उगाच परकं वाटतं. आणि त्यांचं निदान बहुतेक वेळा चुकतं, हेही सांगायला हवं. चुकलं म्हणून ते खचत नाहीत. दुसरं निदान पहिल्याइतक्याच ठामपणे सांगतात, जणू पहिलं कुणी परक्या माणसानं केलं होतं.

मी चित्रकला शिकवतो. घर धाराशिवला आणि शाळा ढोकीजवळ. एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळेनात, म्हणून बदलून निघालेल्या एका सहकाऱ्याची जुनी मोटरसायकल मी घेतली. रंग बघून घेतली, हे कबूल करतो. निळा होता, आणि फार सुरेख होता. पहिले काही दिवस बरे गेले. मग ती वाटेत बंद पडायला लागली. घरातून निघताना एका किकमध्ये सुरू व्हायची, अर्धा रस्ता गुणानं चालायची, आणि मग आचके देत थांबायची. मी बाभळीखाली उभा. थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची, जणू तिला फक्त सावलीत बसायचं होतं. उसाच्या ट्रॅक्टरवरून जाणारी माझीच पोरं "सर, पुन्हा का?" म्हणून आदरानं विचारायची. मेकॅनिककडं दोनदा गेलो. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ झाला, आणि गाडी त्याच बाभळीपाशी येऊन थांबली. मुख्याध्यापकांनी बोलणं सोडून नुसतं घड्याळाकडं बघायला सुरुवात केली, तेव्हा मी गाडी विकायचं ठरवलं. ही गोष्ट बायकोनं फोनवर सहज माहेरी सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा फोन आला. "ऐन लग्नसराईत दुकान माझ्या गळ्यात टाकून निघालेत. जेवायला वेळेवर घाला." दुपारी मामा दारात हजर. हातात एकच जड पिशवी. बायकोनं ती कपडे काढून ठेवायला म्हणून उघडली, तर आत पाने, पक्कड, ब्रेकचे लायनर आणि वंगणाची बाटली. स्वतःसाठी त्यांनी एक टॉवेल तेवढा आणला होता. पाणी प्यायच्या आत ते गाडीभोवती फिरून आले. हँडल हलवून पाहिलं, मागचं चाक धरून हलवून पाहिलं, ब्रेकची वायर बोटात धरून बराच वेळ बघत राहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "जुनी गाडी घेतली की पहिल्या मालकाचा आळसबी संगं येतोय. आधी तो फेडून घिऊ."

पुढचे दिवस आमच्या अंगणात फक्त तो आळस फेडणं चाललं होतं. सकाळी अंघोळ, इष्टलिंगाची पूजा, विभूती, आणि लगेच गाडी. इंजिन ऑईल काढलं तर ते डांबरासारखं निघालं. एअर फिल्टर झटकला तर शेजारच्या काकूंनी वाळवण उचललं. चेन, स्प्रॉकेट, दोन्ही चाकांचे लायनर, पुढचा टायर, हँडलचे बेअरिंग, सगळं निघालं आणि बसलं. माझा एक शर्ट ते घालून बसले, आणि मग तो शर्ट माझा राहिला नाही. मधूनच कपाळ पुसत म्हणायचे, "बंद पडायचं कारन म्हंजी कॉइल. कॉइल तापती." कॉइल बदलली. मी शाळेला निघालो, आणि बाभळीपाशी थांबलो. संध्याकाळी घरी आलो तर मामा ब्रेकच्या पेडलला तेल देत होते. माझा धीर सुटला. मी म्हणालो, "मामा, ब्रेकचं राहू द्या आता. गाडी बंद पडते, तेवढं बघा ना आधी."

ते चिडले नाहीत. कापडानं एकेक बोट पुसत म्हणाले, "गाडी बंद पडली तर तुमी कडंला उभं ऱ्हाताव. हेडमास्तरची बोलनी खाताव. त्येनं काय हुत न्हाय." मग खिशातून ब्रेकची जुनी वायर काढून माझ्यापुढं धरली. लिव्हरपाशी ती तुटत आली होती, दोन-चार तारांवर लटकली होती. "ह्या वायरवर माझी लेक आन नात बसून फिरत होती. म्या आल्यापास्नं झोपलो न्हाय."

मी ती वायर हातात घेतली आणि त्यांच्याशेजारी खाली बसलो. त्यानंतर काय आधी आणि काय नंतर हे मी त्यांना सांगितलं नाही.

रविवारी ते म्हणाले, चला, तुमची बाभूळ दाखवा. मी पुढं, ते मागं. गाडी आता पाण्यासारखी चालत होती, पण बाभळीच्या आसपास नेहमीप्रमाणं आचके देऊन थांबली. मामा उतरले. "एनातु, अव्वा?" विचारून झालं. मग पेट्रोल तरी आहे का ते बघावं म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उघडलं. सुस्स असा आवाज झाला. मामांनी झाकण उलटं करून उन्हात धरलं. झाकणात हवा आत जायला एक बारीक भोक असतं, ते वर्षांच्या धुळीनं पार बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. गाडी थोडा वेळ उभी राहिली की हळूहळू हवा शिरायची आणि ती पुन्हा चालायची. एवढंच दुखणं. साड्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या टाचण्या मामांच्या शर्टाला कायम टोचलेल्या असतात. त्यातली एक काढून त्यांनी भोक साफ केलं, तोंडानं फुंकलं, झाकण लावलं. किक मारली. आम्ही ढोकीपर्यंत गेलो, साखर कारखान्यासमोर चहा घेतला आणि कुठंही न थांबता घरी आलो. दारात बायको वाट बघत उभी होती.

"हवा कोंडली होती," मामा तिला म्हणाले. "म्या पयल्या दिवशीच म्हनलं होतं."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. त्या क्षणी ते मला खरंच आठवायला लागलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी आम्ही तिघं सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलो. लेक पुढं टाकीवर, बायको मागं. परतताना, ऊन कलायच्या सुमाराला, एका वळणावर समोर उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी. ट्रॅक्टरपासून सुटलेली, आणि तिच्याजवळ अजून कुणी पोचलेलंसुद्धा नव्हतं. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक जरासुद्धा घसरलं नाही. गाडी सरळ रेषेत येऊन थांबली, आणि लेकीनं हात लांबवून पुढ्यातला ऊस धरला. "बाबा, एक घेऊ?" ती म्हणाली. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली. बायको उतरली, रस्त्याच्या कडेला गेली आणि तिनं मुरूमला फोन लावला.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाडी वाकडी झाली का सरळ थांबली?"

"सरळ थांबली, अप्पा."

बायको "अप्पा, अप्पा" करत राहिली. बऱ्याच वेळानं फोनवर सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "अगं, काय सांगितलंस ह्यांना? गिऱ्हाईक समोर आहे आणि हे तोंडाला उपरणं लावून बसलेत." माझी लेक आज सायकल शिकतेय, आरडाओरडा करत गल्ली डोक्यावर घेते. तो आवाज कानावर आला की मला कधी कधी मुरूमच्या दुकानात बसलेला तो माणूस दिसतो, आणि मी हातातलं काम सोडून थोडा वेळ नुसता ऐकत राहतो.

गेल्या पावसाळ्यापासून मामांचे हात थरथरतात. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. आता ते आमच्याकडं एसटीनं येतात. परवा मी त्यांना आणायला स्टँडवर गेलो. ते गाडीच्या मागं बसले, आणि पहिल्याच गतिरोधकाला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो तिथंच राहिला. त्याची थरथर मला शर्टातून जाणवत होती. घराची गल्ली आली, पण मी वळलो नाही. त्यांना आणखी थोडं फिरवायला सरळ रेल्वे स्टेशनच्या रस्त्याला लागलो. गल्ली मागं राहिली हे त्यांना समजलं असणार. ते फक्त थोडे पुढं सरकून नीट बसले.