सप्टेंबरचं आजारी पान

"मॅडम, सप्टेंबर बदला," महाजन साहेब फोनवर म्हणाले. "पान आजारी आहे."

मला काही कळेना. माझ्या बारा फोटोंतला तो सगळ्यात सुंदर होता.

मी जळगावची, मेहरूणला राहते. लग्नं आणि प्रॉडक्ट फोटोग्राफी करते. महाजन साहेब एका बियाणे कंपनीचे मार्केटिंग मॅनेजर. त्यांना कॅलेंडर हवं होतं, विषय 'वळणं'. मी महिनाभर वळणंच शोधत हिंडले. केळीचा पोंगा, म्हणजे न उलगडलेलं गुंडाळलेलं पान. म्हशीचं शिंग. कढईत पडणारी जिलेबी. कारल्याचा ताणा, म्हणजे वेल ज्यानं आधार धरते तो तंतू; तो बारांत बसला नाही, जादाचा राहिला. आणि शिरपूरजवळ लीलाअक्कांच्या शेतातलं मिरचीचं पान. द्रोणासारखं वर वळलेलं, कडेला चुण्या. मॅक्रो लेन्स लावली, म्हणजे नखाएवढी वस्तू ताटाएवढी दिसते. बाजूनं ऊन घेतलं. शिल्पच!

"हा चुरडामुरडा आहे," साहेब म्हणाले. "व्हायरस. पांढरी माशी पसरवते. बियाण्याच्या कॅलेंडरवर रोग छापू का?"

"मग पोंगा? तोही गुंडाळलेलाच आहे."

"तो निरोगी."

"आणि कारल्याचा ताणा? तो तर स्प्रिंगसारखा..."

"तो तसाच असतो, मॅडम."

मी बाराही फोटो स्क्रीनवर लावले आणि बघत बसले. कुठलं वळण चांगलं, कुठलं वाईट? मला सगळीच सारखी दिसत होती. मग वाटलं, अक्कांना हे माहीत असेल का? फोटो काढून आठ दिवस झाले होते. फोन लागेना. सकाळी अमळनेरमार्गे शिरपूर गाठलं.

अक्का बांधावरच होत्या. साठीच्या, एकट्या शेत बघणाऱ्या. मी अडखळत सांगितलं, "अक्का, त्या कोपऱ्यातल्या झाडांना रोग आहे म्हणे."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "माले माहीत शे ना! मी त त्याच दिन उपटनार व्हतू. तू उनी, फोटो काढा, नि म्हनी, 'वा, काय मस्त पान आहे!' माले वाटनं, कंपनीनी बाई शे, तिले समजत व्हई. म्हनीसन ठी दिनं." माझ्या एका 'वा'वर त्यांनी ती झाडं तशीच ठेवली होती.

"अक्का, मी फक्त फोटोवाली आहे."

"मंग पहिलेच सांगानं ना, माय!"

त्या दिवशी तीन झाडं होती. आता पाच ओळी आकसल्या होत्या. रागवावं की माझी कीव करावी, हे अक्कांना ठरवता येईना. मला तर कुठे बघावं तेच कळेना. कॅमेरा गाडीत ठेवला आणि त्यांच्यासोबत झाडं उपटायला लागले. त्यातही दोन चांगली उपटली. "आते हात नको लावू," त्या म्हणाल्या. "मी दखाडसू तीच उपट."

उपटलेली झाडं खड्ड्यात पुरली. महाजन साहेबांना सगळं खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीचा माणूस फवारणी सांगायला पाठवला. बाकीची मिरची तरली. त्या पाच ओळी मात्र गेल्या. सप्टेंबरला कारल्याचा ताणा छापला.

आता कुणाच्याही शेतात शिरताना मी आधी सांगते, "मला शेतीतलं काही कळत नाही." मग कॅमेरा काढते. आणि फोटो कितीही चांगला आला, तरी 'वा' गाडीत बसल्यावर म्हणते.