फ्रेममागे मुडपलेला बाप

मी वणी सोडली त्या दिवशी बाबांनी माझी बॅग बसच्या टपावर चढवली आणि खाली उतरतात न उतरतात तोच समोरच्या कृषी केंद्रातून आवाज आला, "मिस्त्री, पोरगी पुण्याले चालली म्हणते. जुने फोटो नीट कराले शिकते म्हणे. तिले म्हणा, आमचा फोटो पाहून जाय. असा पुण्यात नाही भेटत."

हे भाऊसाहेब. त्यांच्या गाड्या बाबाच दुरुस्त करायचे. बाबांनी मान हलवली, मी मुकाट जाऊन फोटो पाहून आले. गल्ल्याच्या वर टांगलेला. गळ्यात हार घातलेले तरुण भाऊसाहेब फटफटीवर ऐटीत बसलेले, आणि फ्रेमच्या अगदी कडेला हँडल धरलेली चार काळी बोटं. बोटांपुढचा माणूस फोटोत नव्हताच. आई म्हणायची, "त्या फ्रेममागं तुह्या बापाले मुडपून ठेवलं हाये." ती बोटं बघत मी बसमध्ये चढले. रडले नाही. दात आवळून बसले होते.

तुमच्यातल्या ज्यांनी आमचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहिली आहे, त्यांना नियम ठाऊक आहे. बैलजोडी कुणी का हाकलेना, इनाम पुकारतात मालकाच्या नावानं. हाकणारा खाली धोतर झटकत उभा. फोटो काढला त्या साली पट संपल्यावर कमिटीनं त्याच शेतात फटफटींची रेस लावली. गाडी भाऊसाहेबांची, चालवली बाबांनी. पहिले आले. पण कमिटीवाल्यांच्या तोंडात जन्मभराची सवय, त्यांनी मालकाचं नाव पुकारलं. चूक भोळी होती. भाऊसाहेब मात्र भोळे नव्हते. ते उठले, हार घालून घेतला, गाडीवर बसले आणि फोटो काढून घेतला. वर्षं गेली तशी "माही गाडी जिंकली" चं "मी जिंकलो" झालं, आणि गावानंही ते ऐकून घेतलं. गावावरचा माझा राग त्यासाठीच.

पुण्यात चोवीस वर्षं झाली. माझी भाषा इथं धुवून निघाली, राग आला की तेवढी वऱ्हाडी परत येते. माझ्या स्टुडिओत हल्ली जुन्या मोटारसायकलींचे, जुन्या गाड्यांचे, रेसचे फोटो घेऊन लोक येतात. कॅफेत लावायचे असतात, 'व्हिंटेज' म्हणून. हेडलाइट बघतात, टाकीची चमक बघतात, हळहळतात. गाडीवरचा माणूस कोण होता, हे चोवीस वर्षांत मला दोघांनी विचारलं असेल. मी आधी हात बघते. हातांवरून कळतं गाडी कुणाची आणि मेहनत कुणाची.

गेल्या पावसाळ्यात कुरिअरनं तीच फ्रेम आली. भाऊसाहेबांचा नातू चंद्रपूर रोडवर धाबा काढत होता, जुन्या गाड्यांच्या थीमचा. आजोबांनी रेस जिंकलेला फोटो भिंतीएवढा करून हवा होता. मी कोण, हे त्या पोराला कुठून माहीत असणार? मी खिळे काढले, पुठ्ठा उचलला. आई खरं बोलत होती. फोटोची कड मागे घडी घातलेली, आणि घडीत माझा बाप. नखापासून केसापर्यंत फुफाट्यानं माखलेला, डोळ्यांभोवती गॉगलची दोन स्वच्छ वर्तुळं.

पहिला अर्धा तास मी काय केलं सांगते. स्क्रीनवर भाऊसाहेबांना कापून फेकलं. नुसते बाबा आणि गाडी. जीव थंडावला. मग बाबांना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून बघितलं.

"त्याले कायले काढलं?"

मला वाटलं, आता क्षमेचं कीर्तन. पण बाबा म्हणाले, "राहू दे त्याले. त्याचा सदरा पाह्य. चांगला पांढराशुभ्र दिसू दे."

तेव्हा कळलं, इतकी वर्षं हा माणूस गप्प होता, विसरला नव्हता.

मी दोघांना ठेवलं. घडीची भेग बुजवली. चेहऱ्यावरचे डाग पुसणं हा माझा रोजचा धंदा, पण बाबांच्या धुळीच्या एका कणाला हात लावला नाही. सदऱ्याची एकेक चुणी स्वच्छ केली. नातवानं विचारलं, बाजूचा कोण? म्हटलं, फोटोत होता तो, कापला तर ओरिजिनल लुक जातो. "मग राहू द्या ताई, ओरिजिनलच पाहिजे," तो म्हणाला.

दसऱ्याला धाब्याचं उद्‌घाटन झालं. मी बाबांना घेऊन गेले. एसटीतून रिटायर झालेले नामदेवकाका कपातला चहा संपेस्तोवर फोटोसमोर उभे होते. मग खुर्चीत बसलेल्या भाऊसाहेबांकडे वळले. "भाऊसाहेब, एवढ्या फुफाट्यातून रेस मारली, अन् सदरा कोरा कसा राह्यला?"

सगळे भिंतीकडे बघायला लागले.

"गाडी माही होती," भाऊसाहेब म्हणाले.

"गाडी तुमचीच. चालवली कोनं?"

नातू आजोबांच्या तोंडाकडे बघत होता. भाऊसाहेब म्हणाले, "देवराव मिस्त्रीनं."

बाबा एवढंच बोलले, "चेन ढिली होती त्या दिवशी. नाही तं अजून पुढं असतो." आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

लोक म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला सोडून द्यायचं होतं. नाही सोडलं. मला अजूनही गोड वाटतं.

पुण्यात कुणी गाव विचारलं तर पूर्वी मी वणी म्हणून विषय बदलायचे. आता नीट पत्ता देते. चंद्रपूर रोडला धाब्यावर थांबा. भिंतीवर मोठा फोटो आहे. त्यात फटफटीशेजारी जो धुळीनं माखलेला माणूस उभा आहे ना, त्याच्या घरची मी.