हो म्हणायला लागलेला वेळ

गल्लीत त्याला ‘मालगाडी’ म्हणत. काहीही विचारा, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत सगळी गाडी गेल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. बायकोने पाच जिन्नस सांगितलेले असत. पिशवी टेकताच ती विचारी, “मीठ आणलंत?”

हा पुटपुटे, “साबण, मीठ, काडेपेटी, सुया, तेल... हो.”

“अहो, मीठ दुसरंच होतं! मग तेलापर्यंत कशाला गेलात, फोडणी द्यायला?”

हा नुसता हसे. याच डोक्यावर त्याने कचेरीतली लिफ्ट एकोणीस वर्षं चालवली. सहा माणसं शिरली की सहा चेहरे डोक्यात. पुढच्या खेपेला पाटी कोरी.

मेहुण्याला त्यानेच शब्द टाकून तिथे शिपाई म्हणून चिकटवलं होतं. एका दुपारी मेहुण्याला चौथ्या मजल्यावर सोडून लिफ्ट खाली येत होती, तोच दुसऱ्या मजल्यावर धडाम! साहेबांचं कोरं करकरीत छपाईयंत्र कुणीतरी पाडलं. आवाज ऐकून मेहुणा जिन्याने धावत खाली आला आणि नेमका तिथेच सापडला. हेडक्लार्क बडेबाबूंनी त्याला दंडाला धरून लिफ्टपाशी आणलं.

“आत्ताच्या खेपेला हा होता का रे तुझ्या लिफ्टमध्ये?”

टकलू वकील, मेहुणा... सापडला की! पण गाडी थांबते कुठे? छत्रीवाल्या बाई, दोघी टायपिस्ट, कुरिअरवाला.

“हो साहेब. होता.”

“वा! नात्यातल्या माणसासाठी थाप जुळवायची, म्हणजे वेळ लागणारच.”

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी बडेबाबू लिफ्टमध्ये पाय ठेवतात न ठेवतात तोच तो ओरडला, “होता साहेब! दुसराच शिरला होता!”

“आज बरं पटकन आलं,” बडेबाबू म्हणाले. “घरून पाठ करून आलास वाटतं?”

घरी बायकोनेही एवढंच विचारलं, “दुसराच आठवला होता ना? मग तेव्हाच का नाही बोललात?” त्याने पुन्हा टकलू वकिलापासून मोजायला सुरुवात केली.

शनिवारी मेहुणा गणवेश जमा करायला आला. याने लिफ्टचं दार हाताने अडवून धरलं. “ये रे, सोडतो वर.”

“राहू द्या, भावजी,” मेहुणा म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

लिफ्ट रिकामी होती. तरी दार बराच वेळ उघडंच राहिलं.