गच्चीवरच्या वायरीचा वळसा

शारजातल्या एका गच्चीवर पाहिलेला वायरीचा वळसा अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेहतीस वर्षं महाराष्ट्र पोलिसांत काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा चोरीला गेलेली ग्रामदेवता पोत्यातून परत आणली. पण कुणी विचारलं की साहेब, कुठल्या केसचा सगळ्यात अभिमान वाटतो, तर मी हीच सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. डिश अँटेनाची केस? हो, डिश अँटेनाची. आणि तीसुद्धा खाकी उतरवल्यानंतरची.

निवृत्तीनंतर मी अबू धाबीला मुलाकडे गेलो होतो. अल रीम आयलंडवर एकविसाव्या मजल्यावर त्याचं घर. बाल्कनीत बसून समुद्र बघायचा आणि जेवणाची वेळ झाली की उठायचं, एवढंच काम. नातवाशी मराठीत बोलावं तर तो इंग्रजीत उत्तर देणार. महिनाभरात सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही घरात लॉकअपच्या पहाऱ्यासारख्या फेऱ्या मारताय." खरंच होतं ते. मुलाच्या ओळखीतून कळलं की दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका कंपनीला तपासाची कामं करणारा अनुभवी माणूस हवा आहे. मी होय म्हटलं.

ही कंपनी म्हणजे भारतातली चॅनेल आखातात दाखवण्याचे हक्क रीतसर विकत घेतलेली. तिचं दुखणं असं की, भारतातल्या डीटीएचचे बॉक्स लोक सामानातून इकडे आणत. बॉक्स नोंदवलेला असायचा गावच्या पत्त्यावर, रिचार्ज व्हायचा भारतात, आणि टीव्ही चालायचा शारजात. उपग्रहाचा सिग्नल काही सरहद्द बघून पडत नाही. पण करारात लिहिलेलं असतं की हा बॉक्स भारताबाहेर वापरायचा नाही, आणि इथला कायदाही ज्याच्याकडे इथले हक्क त्याच्याच बाजूचा. असे बॉक्स कुणीतरी मोठ्या प्रमाणावर विकत होता.

मला ना अटकेचा अधिकार, ना झडतीचा. पुरावा जमवायचा, फाईल तयार करायची आणि सही करून कंपनीच्या कायदा विभागाकडे द्यायची. तिथून ती शारजा पोलिसांकडे जाणार. कायदा विभागाच्या प्रमुख होत्या एक मॅडम, वसईच्या कॅथलिक, माझ्या मुलीच्या वयाच्या आणि कामाला एकदम चोख. मी सवयीनं एका वहीत रोजच्या नोंदी वेळ टाकून लिहायचो, स्टेशन डायरीसारख्या. मॅडम हसायच्या. पुढं त्याच वहीनं एका माणसाची नोकरी वाचवली, तेव्हा हसायच्या थांबल्या.

एका सोमवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर निनावी फोन आला. हिंदीत बोलणारा पुरुष. मॅडमनी स्पीकर लावला, मी समोर बसून वहीत उतरवत गेलो. शारजा इंडस्ट्रियल एरियातल्या अमुक लेबर कॅम्पवर एक कोकणातला वायरमन आहे, सगळ्या बॉक्सचा धंदा तोच चालवतो, असं म्हणाला. पुरावा म्हणून कॅम्पच्या मेसमधल्या बॉक्सचा कार्ड नंबर त्यानं आकड्यागणिक सांगितला. भारतातल्या डीटीएच कंपनीकडे विचारणा केली. नंबर गुहागर तालुक्यातल्या एका वाडीच्या पत्त्यावर नोंदवलेला निघाला. तो त्या वायरमनच्याच घरचा पत्ता होता.

त्याच दुपारी कॅम्पच्या मॅनेजरची परवानगी काढून आम्ही गेलो. मेसमध्ये टीव्ही भिंतीवर उंच टांगलेला, त्याखाली लोखंडी जाळीच्या पेटीत बॉक्स, पेटीला कुलूप. किल्ली वायरमनच्या कमरेला. पन्नाशीचा माणूस, सावळा, काटक, त्याच्या कंपनीच्या निळ्या गणवेशात. त्यानं मुकाट्यानं कुलूप काढलं. बॉक्सच्या पोटातून कार्ड बाहेर काढलं तर नंबर जुळला. पंचनाम्यासारखा कागद केला, मॅनेजरची सही घेतली.

गाडीत बसताना मॅडम म्हणाल्या, "सर, पत्ता त्याचा, किल्ली त्याची, डिश त्यानं लावली. ओपन अँड शट आहे. गुरुवारपर्यंत फाईल द्या, मी पुढं पाठवते."

फाईल गेली असती तर काय झालं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं. खटला, शिक्षा, मग डिपोर्ट आणि पुन्हा या देशात पाऊल नाही. एकवीस वर्षं इथं काढलेला माणूस चोराचा शिक्का घेऊन वाडीत उतरला असता. आमच्या कोकणात माणूस गरिबी सोसतो, पण नाक्यावर लोकांनी नजर चुकवावी हे त्याला सोसत नाही. मी स्वतः चिपळूणचा, मला वेगळं सांगायला नको.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेलो आणि गच्चीवर चढलो. उन्हानं चपलेचा तळ चिकटत होता. डिश बघितली आणि थबकलोच. वायर भिंतीतल्या भोकात शिरायच्या आधी वीतभर खाली आणून, वळसा देऊन पुन्हा वर नेली होती. भोकाला डांबर लावलेलं. डिशच्या तोंडाशी जे यंत्र असतं त्यावर पाण्याची बाटली अर्धी कापून टोपीसारखी बसवलेली. जिथं वर्षातून मोजून चार दिवस पाऊस पडतो तिथं हा बंदोबस्त! आमच्याकडे हे शिकवावं लागत नाही. वायरीला वळसा दिला की पावसाचं पाणी वळशाच्या टोकाला ठिबकतं, घरात येत नाही. वाडीवाडीतला वायरमन हेच करतो. न करेल तर जूनमध्ये शिव्या खाईल.

आमच्याकडे संशयित डिशच्या इमारतींची यादी होती. त्या दुपारपासून बुधवारी सकाळपर्यंत मी त्यातली एकेक गच्ची पालथी घातली, फोटो काढले. एकाही डिशला वळसा नव्हता. वायर सरळ भोकात घातलेली आणि वर चिकटपट्टी. माणूस खोटं बोलू शकतो, त्याचा हात खोटं बोलत नाही. कोकणातल्या वायरमनचा हात या यादीतल्या एकाही डिशला लागलेला नाही, अशी नोंद मी वहीत वेळेसकट केली.

बुधवारी दुपारी त्याला कॅम्पच्या ऑफिसात बोलावलं. चौकशीची माझी एक रीत आहे, आधी चहा, मग कामाच्या गप्पा, मग गुन्हा. पोलिसी जिभेची सवय जात नाही, मी त्याला अरेतुरेच करत होतो.

"वळसा का दिलास?" मी विचारलं.

तो गोंधळला. बहुतेक दुसऱ्याच प्रश्नाच्या तयारीत होता. "सवय हो साहेब," म्हणाला. "न देता वायर ओढली तर चैन पडत नाही."

मग हळूहळू बोलता झाला. कॅम्पवर दोन-तीनशे माणसं, निम्मी आपल्याकडची. दिवसभर साईटवर उन्हात. संध्याकाळी ताट घेऊन बसलं की मराठी बातम्या आणि कबड्डी, एवढीच करमणूक. खोल्याखोल्यांतून बॉक्स घ्यायची चढाओढ लागली होती. त्यानं सगळ्यांना समजावून एकच बॉक्स मेसमध्ये बसवला. त्याचा प्रश्न सरळ होता. "गावच्या पत्त्यावर घेतला, रिचार्ज वेळेवर केला. फुकट काय बघितलं नाय. मग चोरी कशी, साहेब?"

हा प्रश्न मला त्या नोकरीत सगळ्यांनीच विचारला, आणि चिडून विचारला. मी त्याला आमच्याकडच्या नमनाच्या खेळाचं उदाहरण दिलं. एका गावानं नमन मंडळाला सुपारी देऊन बोलावलं. खाडीपलीकडच्या गावाला मृदंग ऐकू गेला, त्यात गुन्हा नाही. पण पलीकडच्या गावानं दुसऱ्याच मंडळाला सुपारी देऊन ठेवली असेल, आणि कुणी खाडीकाठी दोऱ्या बांधून ऐकायची तिकिटं विकायला लागला, तर भांडण होणारच. त्याला पटलं. मान खाली घालून म्हणाला, "मग डिश मी उतरवतो. चूक माझी."

"बॉक्स कुणी दिला?"

गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. गुन्हेगाराचं गप्प बसणं आणि उपकाराखाली दबलेल्या माणसाचं गप्प बसणं वेगळं असतं. पहिला तुमच्याकडे बघत राहतो, दुसरा जमिनीकडे. हा जमिनीकडे बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "माझा बापूस गेला तेव्हा त्या माणसानं एका तासात माझं तिकीट काढलं साहेब. मी बारावं घालून आलो ते त्याच्यामुळं. मी आत जाईन, पण त्याचं नाव घेणार नाय."

इथं मला राग आला. त्याचा नाही, त्या दुसऱ्याचा. आदल्या रात्रीपासून एक गोष्ट मला टोचत होती. कार्ड असतं बॉक्सच्या पोटात, बॉक्स कुलुपात, किल्ली याच्या कमरेला. मग फोन करणाऱ्याला नंबर कुठून मिळाला?

मी विचारलं, "हा नंबर तू कुठं लिहून ठेवलायस?"

"नाय. मला पाठ पण नाय."

"मग रिचार्ज?"

"ज्यांनी बॉक्स दिला तेच करतात. कागद त्यांच्याकडेच आहेत."

मी वही उघडली आणि सोमवारची नोंद त्याच्यापुढं सरकवली. किती वाजता फोन आला, काय बोलला, कुठला नंबर सांगितला, सगळं. "वाचा," मी म्हटलं. कधी तू सोडून तुम्ही झालं ते माझं मलाच कळलं नाही. "तुम्ही ज्याला वाचवायला आत जायला निघालात, त्यानंच तुम्हाला आत ढकललंय."

त्यानं बोट ठेवून आकडा आकडा वाचला. पुन्हा वाचला. चहाचा कप बाजूला ठेवला आणि डोळ्यांवर हात घेऊन बसला. मी नजर वळवली. अशा वेळी अधिकाऱ्यानं खिडकीबाहेर बघावं, हे मला माझ्या पहिल्या फौजदारानं शिकवलं होतं. थोड्या वेळानं तो उठला, तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "लिहा साहेब."

तो माणूस शारजात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान चालवणारा, आपलाच, बोलायला गोड. संक्रांतीला तिळगूळ वाटणारा, अडल्यानडल्याला धावणारा. इथल्या मराठी मंडळाच्या सभासदत्वासाठी म्हणून लोकांच्या ओळखपत्रांच्या प्रती घ्यायचा आणि त्यांवर बॉक्स नोंदवायचा. आमची यादी आपल्या दारापर्यंत येतेय याचा त्याला सुगावा लागला होता. एक माणूस बळी दिला की फाईल बंद होईल, असा हिशेब. वायरमन त्याला आयताच सापडला, कारण मेसमध्ये एक बॉक्स बसवून त्यानं खोल्याखोल्यांचं गिऱ्हाईक तोडलं होतं.

गुरुवारी मॅडमच्या टेबलावर दोन फाईली ठेवल्या. एकीवर माझी सही नव्हती. त्यांनी ती आधी उचलली.

"सर, मॅनेजमेंटला या आठवड्यात नाव द्यायचंय मला."

"नाव देतोय ना. दुसरी उघडा. पहिलीवर मी सही करणार नाही, माझी नोकरी गेली तरी."

त्यांनी जबाब वाचला, गच्च्यांचे फोटो लावून बघितले, वहीतली सोमवारची नोंद पुन्हा पुन्हा तपासली. मग पहिली फाईल श्रेडरमध्ये घातली. तो आवाज मला फार आवडला.

पुढच्या आठवड्यात शारजा पोलिसांनी दुकानाच्या मागची खोली उघडली. माझी उभं राहायची जागा दाराबाहेर, पण आतलं दिसत होतं. खोकी छतापर्यंत, आणि प्रत्येकावर कोकणातल्या गावांची चिठ्ठी. गुहागर, संगमेश्वर, लांजा. अख्खा रत्नागिरी जिल्हा तिथं रचून ठेवला होता. बाहेर नेताना दुकानदार मला बघून थांबला. आपल्या भाषेतला माणूस दिसल्यावर त्याला धीर आला असावा.

"साहेब, मी आपल्याच माणसांची सेवा केली हो. विचारा कुणालाही."

मी म्हटलं, "सेवा केलीत, मग त्या वायरमनच्या नावानं फोन कशाला केलात?"

पोलिसानं "यल्ला" म्हणून त्याला गाडीत बसवलं.

वायरमननं डिश स्वतः उतरवली, हमीपत्र लिहून दिलं, साक्ष दिली. आमच्या कंपनीनं त्याच्याविरुद्ध तक्रार केली नाही. मॅडमनी त्याहून पुढं जाऊन कॅम्पच्या मालकाला भेटून मेससाठी रीतसर कनेक्शन घ्यायला लावलं, कामगारांना परवडेल अशा दरात. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं, तरी केलं.

या केसनं मला एक धडा दिला, तो मी आता नव्या पोरांना व्याख्यानातून सांगतो. खबर आली की आरोपीच्या मागं लागण्याआधी खबर देणाऱ्याकडे बघा. त्याला हे कळलं कसं, एवढं विचारा. खात्यात असताना वरच्या दबावाखाली मी दोनदा तरी हे विचारलं नव्हतं. त्या दोन केसेसचं काय झालं ते मी कुणाला सांगत नाही. तिसऱ्यांदा विचारलं, याचा अभिमान आहे. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या.

दोन वर्षांनी मी चिपळूणला कायमचा परतलो. मे महिन्यात एका सकाळी फाटकाशी एक माणूस उभा. सावळा, काटक, हातात काजूची पिशवी. निळा गणवेश नव्हता म्हणून ओळखायला क्षणभर लागला. करार पुरा करून आला होता. त्याच्या कंपनीनं निरोप समारंभ केला, मॅनेजर विमानतळावर सोडायला आला, हे त्यानं दोनदा सांगितलं. "सरळ मानेनं आलो साहेब," म्हणाला.

बायको चहा टाकायला आत गेली. बोलता बोलता त्याची नजर माझ्या छपराकडे गेली. तिथं माझी डिश, शहरातल्या कुणा पोरानं लावून दिलेली. वायर सरळ भिंतीत.

"ही कुणी ओढली? जूनला पाणी आत येईल ना."

मी म्हटलं बसा, आधी चहा घ्या. पण तोवर त्यानं चपला काढून शिडी लावली होती. मी खालून शिडी धरून उभा राहिलो.