दुःख कुठाय?

तेलीबागच्या सुनंदा वासनिकचा एक पाय लहानपणीच पोलिओने नेला, पण जिभेला हाड नव्हतं. तिच्या गप्पांपायी ऑफिसातल्या सगळ्यांचा चहा रोज गार व्हायचा. अशा बाईला गोष्ट सांगायला शिकवायचं पुण्य अलीगंजच्या विभाताईंनी पदरात पाडून घेतलं. तिथल्या मराठी मंडळाची दिव्यांगांसाठी कथाकथनाची कार्यशाळा होती ना!

पहिल्याच दिवशी सुनंदाने चौकातली गोष्ट सांगितली. कबाबच्या रांगेत तिने एक कुबडी भिंतीला टेकवली, "भैया, ये लाइन में है" असं मागच्याला बजावलं आणि समोर जाऊन चाट खाऊन आली. लोकांनी कुबडीचा नंबर इमानाने राखला. सगळे खो खो हसले.

विभाताई तेवढ्या हसल्या नाहीत. "पण यात दुःख कुठाय? आधी दुःख, मग आधार, शेवटी आभार. असंच सांगायचं."

कार्यशाळेच्या समारोपाच्या समारंभात सुनंदाने तस्संच सांगितलं. "एक बाई होत्या. हातपाय धडधाकट, पण आम्ही हसलो की बिचारीच्या पोटात दुखायचं. आम्ही त्यांना सांभाळून घेतलं. त्यांच्यासाठी खोटंखोटं रडलोसुद्धा. त्यांनी आमचे आभार मानले."

सगळ्यांत आधी विभाताईंनीच डोळे पुसले. "अरेरे! आता बरी आहे का गं ती?"

"नाही हो ताई," सुनंदा त्यांच्याकडे बघत म्हणाली, "अजून काही फरक नाही."